महापुरात आलेलं कासव कृष्णेत सोडू का?

वाचकाचं पत्र: २०१९ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर अंगणातल्या गाळात माझ्या मुलाला कासवाचं एक पिल्लू सापडलं. ते घरामागच्या सिमेंटच्या टाकीत वाढलं, आता चांगलं वीतभर झालंय. एकटं पडतं म्हणून तीन वर्षांपूर्वी फिशटँकच्या दुकानातून आणखी एक आणलं. त्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा आहे. दोघं एकाच टाकीत असतात. पोळी, भात आणि दुकानातले वाळवलेले झिंगे खातात. मिस्टरांची बदली झाल्याने जूनमध्ये आम्ही पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला जाणार. त्याआधी, एप्रिलमध्येच दोघांना मोकळं करावं असं वाटतं. मुलगा म्हणतो, आयर्विन पुलाजवळच्या घाटावर सोडू. सासरे म्हणतात, मळ्यातल्या विहिरीत सोडा, पाणीही स्वच्छ राहील आणि कधीही बघता येईल. सोडण्याआधी काय तयारी करावी? – एक वाचक, सांगली

नमस्कार ताई,

सहा वर्षं सांभाळलेल्या जिवाला वाटेला लावण्याआधी तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत. दोन्हीपैकी एकही कासव तुम्ही स्वतः कुठल्याही पाण्यात सोडू नका, घाटावरही नाही आणि विहिरीतही नाही. पण दोघांची कारणं वेगळी आहेत. पुरात आलेलं कासव बहुधा इथलंच आहे आणि त्याने नदीत परत जावं असंच आम्हालाही वाटतं. फक्त ते वनविभागामार्फत, तपासण्या होऊन, पावसाळ्याच्या उत्तरार्धात गेलं पाहिजे. दुकानातलं कासव मात्र भारतातल्या कुठल्याच पाण्यात कधीच सोडायचं नाही.

पत्र वाचून संपायच्या आधी करायचं काम एकच: दोघांना वेगळं करा. टब वेगळे, पाणी काढायचा मग वेगळा, जाळी आणि घासायचा ब्रशसुद्धा वेगळा. दुकानात एकाच काचेत कुठून कुठून आलेली डझनावारी पिल्लं दाटीवाटीने ठेवलेली असतात. त्यांच्यातले जंतू, विषाणू आणि पोटातले परजीवी तुमच्या टाकीत आले असण्याची दाट शक्यता आहे. दुकानातलं कासव वरून ठणठणीत दिसलं, तरी ते रोग वाहून नेऊ शकतं. उद्या हे गावठी कासव नदीत गेलं तर ते एकटं जात नाही, त्याच्या अंगातलं सगळं बरोबर जातं. रानाव्हायरससारखा विषाणू तर कासवांबरोबर बेडकांनाही मारतो. तीन वर्षं एकत्र राहिल्याचा दोष आता पुसता येणार नाही, पण आजपासून विलग ठेवलेला प्रत्येक दिवस पुढच्या तपासणीत उपयोगी पडेल. टाकीला हात लावण्याचा क्रमही ठरवा: आधी गावठी, मग दुकानातलं, आणि शेवटी साबणाने हात. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू सहसा असतोच, म्हणून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टब धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका.

आता ओळख पक्की करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पुरातल्या कासवाची पाठ हाताला गुळगुळीत, कातडीने मढवल्यासारखी लागते का? मागची कड दाबल्यावर थोडी लवते का? नाक पुढे नळीसारखं आहे का? मग पायाची नखं मोजा. प्रत्येक पायाला तीनच नखं, म्हणजे एकूण बारा भरली, तर ते मऊ कवचाच्या कासवांपैकी आहे. शेवटी त्याला क्षणभर उचलून पोट बघा. मागच्या पायांच्या जागी कातडीच्या दोन झडपा असतील आणि पाय आत ओढल्यावर त्या बंद होत असतील, तर ते फ्लॅपशेल. आपल्याकडे तळी, कालवे, भातखाचरं आणि संथ नद्यांत आढळणारं हे कासव. झडपा नसतील आणि डोक्यावर काळसर रेघा असतील, तर ते गोदावरी-कृष्णेतलं मोठं मऊ कवचाचं कासव असू शकतं, म्हणजे लीथचं कासव. ते फार दुर्मिळ आहे. तसं असेल तर आजच्या आज फोन करा. पाठीवर ठळक पिवळे ठिपके असले तर तेही कळवा. तसे ठिपके उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातल्या फ्लॅपशेलवर असतात, दख्खनच्या नव्हे. ठिपक्यांचं कासव पुरासोबत नाही, कुणाच्या तरी टाकीतून आलं असा त्याचा अर्थ होईल आणि मग त्याची सोडण्याची जागा कृष्णा नसेल.

उचलताना दोन्ही हातांनी, कवचाच्या मागच्या अर्ध्या भागाला धरा. फ्लॅपशेलची मान वाटते त्याच्या दुप्पट लांब निघते आणि ते कडकडून चावतं.

डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा, पाठ टणक आणि पोटाकडे पिवळ्यावर काळे डाग असलेलं ते दुसरं म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

कायद्याचं आधी सांगतो, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. कलम ३९ नुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. तुमचे ४८ तास २०१९ मध्येच संपले. आपणहून आणून देणाऱ्याला माफी मिळेल अशी लेखी हमी कायद्यात नाही आणि आम्हीही ती देऊ शकत नाही. पण स्वतः पुढे येऊन, लेखी देऊन, प्राणी सुखरूप सोपवणारा माणूस आणि लपवताना किंवा गाडीतून नेताना सापडलेला माणूस यांच्याकडे एका नजरेने पाहिलं जात नाही. मनात धाकधूक असेल तर आधी जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांशी बोला आणि त्यांना सोबत घेऊन जा. वकिलाला विचारावंसं वाटलं तर तेही जरूर करा.

फोन करायचा तो १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर, किंवा थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. अर्ज एक पानी पुरे: कासव कुठे सापडलं, कोणत्या महिन्यात, तेव्हा केवढं होतं, कशात ठेवलं, काय खाऊ घातलं, कधी आजारी पडलं का, कोणती औषधं दिली आणि सोबत दुसऱ्या जातीचं कासव किती काळ होतं. ही शेवटची ओळ लपवू नका. ती वगळली तर कासव थेट नदीत जाईल आणि नको तो रोग घेऊन जाईल. सापडल्याची जागा नेमकी लिहा, गल्ली-गावासकट. कासव सोडताना त्याच खोऱ्यातलं पाणी शोधावं लागतं आणि बंदिवासातल्या बहुतेक कासवांच्या बाबतीत नेमकी हीच माहिती हरवलेली असते. तुमच्याकडे ती आहे, हा या कासवाचा सर्वांत मोठा आधार. पंचनामा होईल, पोच मागून घ्या. कासव कधी आणि कुठे सोडलं ते कळवावं, अशी विनंती अर्जातच करा. मुलासाठी तेवढं तरी करायला हवं.

आणि हे सगळं सांगलीतच उरका. पुण्याला मोठं उपचार केंद्र आहे म्हणून कासव स्वतः गाडीतून नेऊ नका. परवानगीविना पहिल्या अनुसूचीतला प्राणी हलवणं हा वेगळा गुन्हा होतो. न्यायचं असेल तर वनविभाग नेईल.

एक खबरदारी. कासवाचे फोटो फेसबुकवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. ‘वीस नखांचं कासव’ आणि पैशांचा पाऊस असल्या थोतांडापायी कासवांचा चोरटा व्यापार महाराष्ट्रात जोरात चालतो आणि त्यातले लोक असेच फोटो धुंडाळत असतात. ‘आम्ही चांगल्या ठिकाणी सोडतो, द्या’ म्हणून दारात येणाऱ्या कुणाच्याही हाती कासव देऊ नका, त्याच्या गळ्यात कुठलंही ओळखपत्र असलं तरी.

सोपवेपर्यंत चार दिवस जातील, कदाचित दोन आठवडे. त्या काळात तुम्ही जे कराल त्यावर बरंच काही ठरतं.

पहिलं, पोळी आणि भात बंद. कासव ते खातं म्हणून ते त्याला चालतं असं नाही. पिठाने पोट भरतं, पण कवचाला आणि हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात नाही. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडपट ते दुप्पट लागतं. नुसत्या मांसात आणि धान्यात हे प्रमाण उलटं असतं. म्हणून वाढीच्या वयात कवच मऊ पडतं, वेडंवाकडं होतं, पाय फाकतात. वाळवलेल्या झिंग्यांवरच वाढलेल्या कासवांत अ जीवनसत्त्वाची कमतरता होते. पापण्या सुजून डोळे बंद होतात, आंधळं झालेलं कासव खाणं सोडतं आणि लोकांना वाटतं रुसलंय. ताजे झिंगे सालासकट, बोटाएवढे मासे काट्याडोक्यासकट आणि शेतातली गांडुळं असं द्या. एका वेळी साधारण त्याच्या डोक्याएवढं, एक दिवसाआड. सोबत काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस तोंड फिरवेल, घाबरू नका; धडधाकट कासव आठवडाभर उपाशी राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. नदीतून पकडून बेडूक किंवा शंखांचा ढीग आणू नका, त्यांतून नवे परजीवी येतात.

दुसरं, वाळू. सिमेंटच्या टाकीतल्या फ्लॅपशेलकडे काहीच नसलं तरी चालेल, पण पुरून घ्यायला तळ हवा. हे जनावर दिवसाचा बराच वेळ गाळात रुतून बसतं, वर फक्त डोळे आणि नाकाची नळी. खरबरीत सिमेंटवर पोट आणि पाय घासून कातडीला जखमा होतात आणि त्यांतूनच बुरशी शिरते. बारीक, चाळलेली, धुतलेली नदीची वाळू घ्या. थर त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा दोन-तीन बोटं जास्त द्या. पाणी एवढंच ठेवा की वाळूत बसल्या बसल्या मान वर केली तर नाक बाहेर येईल. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून मग ओता, क्लोरीन उडून जातं. दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला. वाळूत पहिल्याच दिवशी बुडी मारून ते दिसेनासं झालं तर काळजी करू नका, ती चांगली खूण आहे.

तिसरं, ऊन. सकाळी आठ-नऊच्या सुमारास तासभर, टबचा अर्धा भाग सावलीत राहील असं. काचेच्या पेटीत उन्हात कधी ठेवू नका. काच हाडांसाठी लागणारे अतिनील किरण अडवते आणि उष्णता मात्र कोंडते. एप्रिलच्या उन्हात अशा पेटीत कासव अर्ध्या तासात मरू शकतं.

पाठीला खोबरेल तेल, हळद, नेलपेंट यातलं काही लावायचं नाही. दुकानातून विचारून जंताचं औषध तर अजिबात नाही. कुत्र्या-गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना लुळं करून मारतं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही नेमक्या मात्रेतच द्यावं लागतं. जास्त झालं की कातडी सोलून निघते. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे, पाण्यात एका कुशीवर कलून तरंगणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. यातलं काही दिसलं तर अर्जबिर्ज मागून, आधी फोन.

मुलाला एक काम द्या. रोज एकाच वेळी, खाऊ घालण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून कासवाचं वजन घ्यायचं. लांबी टेपने पाठीवरून मोजायची नाही, कारण पाठ गोल असते आणि टेप दरवेळी वेगळी पडते. वर्तमानपत्रावर कासव ठेवायचं, त्याच्या कवचाच्या पुढे आणि मागे एकेक जाड पुस्तक उभं लावायचं, कासव उचलायचं आणि दोन पुस्तकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजायचं. तीन फोटो: पाठ, पोट आणि डोकं बाजूने, शेजारी फूटपट्टी ठेवून. ही वही अर्जासोबत द्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरला दोन आठवड्यांच्या वजनाच्या आकड्यांतून जे कळतं, ते नुसतं बघून कळत नाही.

वनविभागाकडे न्यायच्या आदल्या दिवशी खाणं बंद. बादलीत पाणी घालून नेऊ नका. हिंदकळणाऱ्या पाण्यात ते दमतं, आपटतं, बुडूही शकतं. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा क्रेट, तळाला ओला सुती टॉवेल, कासवाच्या अंगावर दुसरं ओलं फडकं. मऊ कवचाची कातडी कोरडी पडता कामा नये. निघायचं ते सकाळी लवकर.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तयारीचा. पोहायला शिकवावं लागत नाही, खरंय. पण पोहता येणं हा त्या जगण्याचा छोटा भाग. सहा वर्षं टाकीत वाढलेल्या कासवाला तीन टप्प्यांतून जावं लागतं आणि ते घरच्या टाकीत पार पडत नाहीत, म्हणून उपचार केंद्राची गरज. महाराष्ट्रात पुण्याला बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला अशी केंद्रं आहेत.

आधी विलगीकरण, कासवांसाठी साधारण ९० दिवसांचं. त्या काळात विष्ठेची तपासणी एकदा नव्हे, दोन-तीनदा होते, कारण परजीवींची अंडी रोज पडत नाहीत आणि एक नमुना स्वच्छ निघाला म्हणून पोट स्वच्छ असं होत नाही. रक्त, घशातला नमुना, एक्स-रे. एक्स-रेमध्ये हाडांची घनता दिसते, गिळलेले खडे दिसतात आणि मादी असली तर अंडीही.

मग शिकार. वरून पडणारं मेलेलं अन्न खायची सवय झालेलं कासव जिवंत माशाकडे बघत बसतं. म्हणून गढूळ, झाडोऱ्याच्या तळ्यात, जिवंत मासे-झिंगे मोकळे सोडून, ते स्वतः पकडून वजन टिकवतं का हे काही आठवडे पाहावं लागतं. वजन उतरलं तर ते अजून तयार नाही.

आणि सर्वांत अवघड, माणसाचं भय. पावलांचा आवाज आला की तुमचं कासव पुढे येऊन मान वर करत असेल. तुम्हाला ते प्रेम वाटतं आणि तुमच्या घरात ते तसं आहेही, पण नदीकाठी पावलं वाजतात ती गळ आणि जाळं घेऊन आलेल्या माणसाची. म्हणून केंद्रात खाणं आडोशामागून, अवेळी, हात न दिसता टाकतात. सावली पडली की बुडी मारायला लागेपर्यंत. हे तुम्ही आजपासूनच सुरू करू शकता: हातातून भरवणं बंद, टाकीशी बोलणं बंद. मुलाला हे जड जाईल. त्याला कारण सांगा, तो समजून घेईल.

घाट का नको? एप्रिलमध्ये कृष्णेचं पाणी उतरलेलं असतं, उरलेलं डबक्या-डोहांत साचतं आणि त्यात मळीचं, सांडपाण्याचं प्रमाण वाढतं. रानातली फ्लॅपशेलं या दिवसांत आटत्या पाण्याजवळच्या चिखलात स्वतःला पुरून घेतात, अंगातल्या चरबीवर तग धरतात. तुमच्या कासवाने हे कधी केलेलं नाही. घाटाला दगडी पायऱ्या, अंडी घालायला माती नाही, रात्री कुत्री. नदीत मगरी आहेत म्हणून अनेकांना भीती वाटते. आमच्या मते ते कारण नाही. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आणि कासवं पूर्वापार एकत्र नांदतात. खरा धोका जाळ्यांचा. कासवाला श्वासाला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. त्यामुळे जागा हवी ती संथ पाण्याची, चिखलाच्या तळाची, पाणवनस्पती असलेली, मऊ काठाची, मासेमारी नसलेली आणि त्याच खोऱ्यातली. वेळ हवी ती पाणी भरलेलं असताना पण नदी फुगलेली नसताना: ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर. बेडूक, मासे, किडे मुबलक, आणि थंडी पडण्याआधी स्थिरावायला दोन महिने हाताशी. आता एप्रिलमध्ये सोपवलं तर विलगीकरण, शिकार वगैरे धरून कासव बरोबर त्याच सुमाराला तयार होतं. तुमच्या बदलीचं वेळापत्रक त्याच्या पथ्यावर पडलंय.

तपासणीत ते सोडण्याजोगं नाही असंही ठरू शकतं: अधू डोळे, कायमचं वाकलेलं कवच, बरा न होणारा संसर्ग. मग ते केंद्रात राहील. तसं झालं तर वशिला लावून ‘सोडाच’ असा आग्रह धरू नका.

विहिरीबद्दल सासऱ्यांशी जरा निवांत बोला. कासवामुळे विहीर स्वच्छ राहते हा समज जुना आहे आणि त्यामागे कासवाबद्दलचा आदरच आहे. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं ते उगाच नाही. पण बांधलेल्या विहिरीच्या भिंती सरळ, बाहेर यायला वाट नाही. खाणं अपुरं. जोडीदार नाही. आणि ते कासव मादी असेल, तर नर नसतानाही तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात. ती घालायला कोरडी माती मिळाली नाही की ती पोटात अडकून राहतात, कुजतात, आणि मादी तडफडून मरते. वरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की हल्ली कासव दिसत नाही. शिवाय कायद्याच्या नजरेत विहीर म्हणजे बंदिवासच.

आता लाल पट्ट्याचं. स्लायडर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. ते लवकर वयात येतं, वर्षातून एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकतं, ऊन खायच्या जागा आणि अन्न आपल्या कासवांकडून हिसकावतं. ‘एकटंच आहे, काय होणार’ असं म्हणून चालत नाही, कारण आधी नराशी संग झालेली मादी बीज दीर्घकाळ साठवून पुढे एकटीने अंडी घालू शकते. शहरांतल्या तलावांत आणि देवळांच्या कुंडांत दिसणारे स्लायडर बहुतेक असे कुणीतरी सोडलेलेच आहेत. केरळमध्ये पीचीच्या वन संशोधन संस्थेला अशी कासवं लोकांकडून परत गोळा करायची वेळ आली.

मग करायचं काय? एक, वनविभागाकडे पहिलं कासव सोपवताना याबद्दलही विचारा. घेतलं तर उत्तम. बऱ्याचदा जागा नसते. दोन, बंदिस्त हौद असलेला, जबाबदारीने सांभाळणारा माणूस मिळाला तर लेखी नोंद करून द्या. तीन, आणि तुमच्या बाबतीत हेच होईल असं धरून चाला: त्याला पुण्याला घेऊन जा आणि नीट ठेवा. हे कासव तीस वर्षं जगू शकतं. मादी असली तर पाठ फूटभराच्या आसपास जाते. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबच लांब असतात, त्यावरून ओळखा.

पाण्याचा हिशेब पाठीच्या दर इंचाला ४० लिटर. दहा इंची मादीला ४०० लिटर, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी. ती भरल्यावर पाण्याचंच वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. म्हणून बाल्कनीत नको. खोलीत, तुळईखालच्या भिंतीला लागून, जमिनीवर ठेवा. पाणी २४ ते २८ अंश. ऊन खायला पूर्ण कोरडी फळी, तिथे ३२ अंशांच्या आसपास उष्णता आणि दिवसाला दहा-बारा तास यूव्हीबी दिवा, म्हणजे हाडांसाठी लागणारे अतिनील किरण देणारा. दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी आधीच संपतं, त्यामुळे वर्षाच्या आत तो बदला. वाढलेल्या स्लायडरचं निम्म्याहून जास्त खाणं हिरवं असावं: पालक कमी, शेवग्याचा पाला, माठ, दोडका, लाल भोपळा. मादी असेल तर एका कोपऱ्यात वीतभर खोल ओलसर वाळूची पेटी द्या, आणि अंडी घातली की त्याच दिवशी फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवून मग टाका. एकही पिल्लू कुणाला भेट देऊ नका.

सामान हलवताना या टाकीचा फिल्टर नळाखाली धुऊ नका. त्याच्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला असतात, क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात आणि नव्या घरात आठवड्याभरात पाणी विषारी होतं. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवून गाडीत सोबत घ्या. पुण्याला पोचल्यावर सोफा-कपाटाआधी तो फिल्टर सुरू करा, आणि पहिले पंधरा दिवस खाणं निम्म्यावर ठेवा.